साडेचारचे रुमाल

आंबीला एका लग्नात जेवताना माझ्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाने मला माझीच गोष्ट सांगितली. पवनेच्या काठावर तंबू भाड्याने देणाऱ्या लोकांनी म्हणे एक वेबसाइट काढली आणि ती सांभाळायला एक म्हातारा नेमला. म्हाताऱ्याला साडेचारचा चहा चुकलेला चालत नसे, म्हणून तो रोज साडेचारला वेबसाइट बंद करून चहा प्यायला बसे. गिऱ्हाइके खोळंबत. अखेर अध्यक्षांच्या सुनेने पुण्याहून येऊन त्याला एक बटण दाखवले आणि सगळे सुरळीत झाले. "अशी माणसं असतात," असे म्हणून गृहस्थांनी जिलबी मोडली.

मी त्यांना विचारले, म्हातारा चहा पितो हे कशावरून. ते म्हणाले, सगळेच सांगतात. तेव्हा मी त्यांना सांगितले, की पित्ताच्या त्रासामुळे त्या म्हाताऱ्याने चहा सोडून बराच काळ लोटला आहे, आणि तो म्हातारा आपल्या डाव्या हाताला बसला आहे. गृहस्थांनी ती जिलबी संपवली, दुसरी घेतली, आणि काहीतरी बोलणे भाग आहे अशा चेहऱ्याने विचारले, "मग साडेचारला काय पिता?"

या प्रश्नाने मला लेखणी हाती धरायला लावली. लोकांना चुकीची हकिकत दुरुस्त करून दिली, तर ते दुरुस्ती घेत नाहीत, तपशील बदलून घेतात. म्हणून जे घडले ते एकदा क्रमाने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी लोणावळ्याला माझ्या घरी यावे. मी बहुधा घरीच असतो.

माझी सारी नोकरी नवलाख उंबरेच्या बाजूच्या एका कारखान्यात, यंत्रांवरची मापके आणि नियंत्रणे सांभाळण्यात गेली. मी इंजिनिअर नव्हतो. फोरमन होतो, आणि इंजिनिअरांना जे विचारायची लाज वाटे ते ते मला विचारीत. आमचे मूळ गाव पवनेच्या खोऱ्यातले. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर माझ्या वडिलांनी गावकीची कामे टाकून दिली, आणि मी लिहावाचायच्या वयाचा झाल्यावर मला शाळेत घातले. त्यांची मला एकच शिकवण होती: कोणीही काहीही सांगितले, तर आधी विचारायचे, कशावरून. ही सवय माझ्या अंगात मुरली. माझे शाळूसोबती तिला भांडखोरपणा म्हणतात.

या शाळूसोबत्यांपैकी एक म्हणजे तंबूवाल्यांच्या संघटनेचे सध्याचे अध्यक्ष. आम्ही एका बाकावर बसत असू आणि त्या बाकाचा मोठा भाग कोणाचा, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. त्यांच्या घराण्याची जमीन निम्मी धरणात गेली आणि उरलेली निम्मी आपोआप पाण्याच्या काठाला आली. पूर्वी जिथे नाचणीही धड येत नसे तिथे आता पुण्याची माणसे मुक्कामाला येऊन सूर्यास्ताचे फोटो काढतात. मी त्याला अरेतुरे करतो. तो मला विंजनेर म्हणतो, आणि हे कौतुकाने नाही.

निवृत्तीनंतर काही काळ मी घरातले नळ दुरुस्त केले. पुढे चांगले चालणारे नळही दुरुस्त करू लागलो, तेव्हा पत्नीने मुलाचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. त्यावर मी सर्व्हर चालवण्याचे शास्त्र शिकलो. त्याच सुमारास योग असा आला, की संघटनेची वेबसाइट ज्याने बनवली तो अध्यक्षांचा पुतण्या परदेशी निघून गेला, आणि मागे ती पोरकी झाली. अध्यक्ष माझ्या घरी आला, सोफ्याच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "विंजनेर, तुला यंत्रं कळत्यात. ह्ये बी यंत्रच हाय. बग जरा."

मी बघितले, आणि बघता बघता ते माझे काम झाले. निवृत्त माणसाचा फोन दोन कारणांनी वाजतो: कोणाला विमा विकायचा असतो, किंवा कोणी वारलेले असते. माझा फोन पुन्हा कामासाठी वाजू लागला. "आबा, साइट अडकलीय," "आबा, जरा बगता का," असे दिवसभर चाले. हे काम माझ्याकडून काढून घेतले जायची वेळ पुढे आली, तेव्हा मी का भांडलो हे ज्यांना कळत नाही, ते अजून नोकरीत असावेत.

सर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. तो माझ्या घरात नाही. मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीत मोठमोठे संगणक ठेवलेले आहेत आणि त्यातली एक खोली आम्ही भाड्याने घेतली आहे, असे समजावे. त्या खोलीत बुकिंगचा प्रोग्राम अहोरात्र बसून असतो. कोणी तंबू मागितला तर रिकामा आहे की नाही ते तो सांगतो. कामाचा ताण फार झाला की तो गुदमरतो आणि कोणालाच उत्तर देईनासा होतो. अशा वेळी त्याला थांबवून पुन्हा सुरू करायचे, म्हणजे त्याचे डोके रिकामे होऊन तो ताजेपणाने कामाला लागतो. याला रीस्टार्ट म्हणतात. कारखान्यात भट्टीच्या नियंत्रकाला आम्ही हेच करीत असू, आणि साहेब आल्यावर त्याला दुसरे काहीतरी नाव देत असू.

हे रीस्टार्ट मी आरंभी हाताने करी. शुक्रवारी तर ताटावरून उठावे लागे. आता इथे पत्नीची हकिकत येते, आणि तीही मला मान्य नाही. तिचे म्हणणे असे, की तिसऱ्यांदा भाकरी गार झाल्यावर तिने मला विचारले, "हे रोजचंच आहे तर त्याला एकदाच सांगून ठेवता येत नाही का?" आणि म्हणून स्वयंचलित रीस्टार्टची कल्पना तिची. वस्तुस्थिती अशी, की ती कल्पना मला आधीच सुचलेली होती. मी ती बोलून दाखवलेली नव्हती, एवढेच. पत्नी म्हणते, न बोललेल्या कल्पनेला साक्षीदार कोण. या मुद्द्यावर मी तिच्याशी वाद घालणे थांबवले आहे, माघार घेतलेली नाही.

सर्व्हरला रोजचे काम नेमून द्यायची एक ओळ असते. तिच्यात पाच जागा: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. जिथे कोणतेही चालेल तिथे चांदणी टाकायची. मी शून्य लिहिले, अकरा लिहिले आणि पुढे तीन चांदण्या टाकल्या. म्हणजे रोज अकराला, बाराही महिने, कोणत्याही वारी. अकराची वेळ मी विचारपूर्वक निवडली होती. सकाळी पाहुणे पोहे खाऊन परततात, तंबूवाले चादरी धुण्यात गुंतलेले असतात आणि पुण्यातली माणसे आपापल्या कचेऱ्यांत साहेबाच्या नजरेखाली असतात. त्या वेळी क्षणभर वेबसाइट बंद झाली तर कोणाच्या लक्षातही येऊ नये.

दुसऱ्या दिवशी अकराला मी लॅपटॉपसमोर बसलो. काहीही झाले नाही. साडेचारला अध्यक्षाचा फोन आला.

"विंजनेर, तुजं यंत्र दुपारचं झोपलं का रं?"

"झोपलं नाही. जागं होतंय."

"आमच्या टायमाला का जागं होतंय?"

या एका प्रसंगावरून माझी चूक झाली असे जे सांगितले जाते, ते साफ खोटे आहे. भाड्याच्या सर्व्हरचे घड्याळ इंग्लंडातल्या ग्रिनिचच्या वेळेवर लावलेले होते, आणि तिथे अकरा वाजतात तेव्हा मावळात साडेचार वाजतात. मी अकरा लिहिले, सर्व्हरने अकराला काम केले. आम्हा दोघांनी आपापला शब्द पाळला. आम्हा दोघांची घड्याळे वेगवेगळ्या देशांत राहतात, याला कोणी चूक म्हणत असेल तर त्याने निदान कोणाची ते सांगावे.

मी ती वेळ मग बदलली का नाही, असेही विचारले जाते. त्याला कारणे होती. एक तर साडेचारच्या सुमारासच प्रोग्राम सर्वाधिक गुदमरलेला असे आणि रीस्टार्टनंतर तो मोकळा होई, असे मला दिसून आले. शिवाय अध्यक्षाने फोन करून "येळ बदल" असे सांगितले होते. त्यानंतर बदलली असती तर त्याने सांगितल्यामुळे बदलली असे झाले असते.

मी सर्व सभासदांना रीतसर कळवले, की रोज साडेचारला वेबसाइट क्षणभर बंद राहील. कारखान्यातली शिस्त अशीच असते. यंत्र थांबवण्याआधी भोंगा द्यायचा. हा भोंगा देणे हीच माझी चूक असे माझी पत्नी म्हणते. तिला कारखान्याचा अनुभव नाही.

काही दिवस सुखाचे गेले. नंतर एक विपरीत प्रकार सुरू झाला. साडेचारला रीस्टार्ट होई, प्रोग्राम ताजा होऊन उठे आणि पाठोपाठ, अजून घाम पुसतो न पुसतो तोच, पुन्हा गुदमरून पडे. विश्रांती घेतल्याबरोबर थकणारे यंत्र मी हयातीत पाहिले नव्हते. मी बारकाईने पाहिले तेव्हा कळले, की रीस्टार्ट होताच क्षणी वेबसाइटवर एकदम झुंबड उडते. माणसे दबा धरून बसल्यासारखी एकदम तुटून पडत. मी वाचलेल्या पुस्तकांत याला हल्ला म्हणतात. परके लोक मुद्दाम सर्व्हरवर गर्दी करून तो पाडतात.

मी अध्यक्षाला गंभीरपणे सांगितले, की आपल्यावर हल्ला होतो आहे.

"मुळशीवाले," तो म्हणाला.

"कशावरून?"

"आपलं पानी त्यांच्या डोळ्यात खुपतंय. दुसरं कोन असनार?"

सभासदांत ही बातमी पसरली. मुळशीच्या तंबूवाल्यांबद्दल काठावर काय काय बोलले गेले ते मी इथे लिहीत नाही. ते बिचारे आपापल्या तंबूत बसून होते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यांची माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही.

उलगडा झाला तो एका फोनमुळे. धरणाच्या बाजूला अगदी टोकाला मोजके तंबू लावणारी एक मावशी आहे. तिचे घर मूळचे मासेमारी करणारे. तिच्या हातच्या माशाच्या कालवणासाठी पाहुणे तिथे जातात. फोन माझा होता, पण मी आंघोळीला गेलो होतो म्हणून पत्नीने उचलला आणि नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर ठेवला, त्यामुळे न्हाणीघरात मला सगळे ऐकू आले.

"काकू, आबांना येक सांगा की. आज साडेचारला उडवायच्या आदी मला मिस्कॉल द्या म्हनावं."

"काय उडवायच्या आधी?"

"रुमाल ओ. समद्यांचं रुमाल उडत्यात न्हवं साडेचारला? मी कालवनाच्या गडबडीत असते, मला घड्याळ कुटं दिसतंय. तवर ह्ये बाकीचं लोक टाकून मोकळं हुत्यात."

मी तसाच, केसांना साबण असताना, टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि विचारले, रुमाल म्हणजे काय. मावशीला वाटले मी चेष्टा करतो आहे. "आबा, तुमालाच म्हाईत न्हाई व्हय?" असे म्हणून तिने जे सांगितले ते ऐकताना साबण डोळ्यांत गेला.

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग दारातून सावकाश चढायचे, ही आपल्याकडची रीत कोणाला सांगायला नको. रुमाल ज्याचा, सीट त्याची. संघटनेचा नियम असा, की वेबसाइटवर मांडलेले तंबू शनिवार-रविवारसाठी मालकाला परस्पर काढून घेता येत नाहीत. पण प्रत्येकाला वाटे, आपले नेहमीचे पाहुणे ऐनवेळी फोन करतील, जीपने कोणी येऊन उभे राहील, त्यांच्यासाठी चांगले तंबू हाताशी असावेत. म्हणून मालक स्वतःच, स्वतःच्याच फोनवरून, बनावट नावाने स्वतःचे तंबू बुक करायला घेई, पैसे भरायच्या पानापर्यंत जाई आणि तिथेच थांबे. पैसे भरायचे नाहीत आणि पान बंदही करायचे नाही. जोवर ते पान फोनवर उघडे, तोवर वेबसाइट तो तंबू दुसऱ्या कोणाला देत नसे. हा रुमाल. प्रोग्राम लिहिणाऱ्या पुतण्याने गृहीत धरले होते, की पैशांच्या पानापर्यंत आलेला माणूस एक तर पैसे भरील किंवा निघून जाईल. तो लहानपणापासून मोटारसायकलवर फिरला. एसटीने त्याने प्रवास केलेला नसावा.

आता सगळे जुळले. हे पडून राहिलेले रुमाल डोक्यात धरून धरून प्रोग्राम गुदमरत होता. मी साडेचारला रीस्टार्ट करीत असे तेव्हा त्याचे डोके रिकामे होई, म्हणजे सगळे रुमाल एकदम उडून जात. आणि मी वेळ आधी कळवलेली असल्यामुळे सारा काठ साडेचारला अंगठा उगारून बसलेला असे. मोकळी गाडी फलाटाला लागताच शंभर खिडक्यांतून रुमाल पडावेत, तसे ते पडत, आणि गाडीच उलटत असे. हल्ला खरा होता. मुळशीकडून नव्हता, इतकेच.

मी अध्यक्षाला फोन करून हे सांगितले.

"आमच्यात असलं कोन करत न्हाई," तो म्हणाला.

"तू करतोस?"

"म्या अध्यक्ष हाय."

"ते मी विचारलं नाही."

यावर त्याने फोन ठेवला. त्याच आठवड्यात त्याने सभा बोलावली. विषय एकच होता: वेबसाइट पुण्याच्या एका कंपनीकडे सोपवणे. कंपनी सगळे बघणार होती. मी फक्त पासवर्ड द्यायचा आणि शाल घ्यायची. शाल आणल्याचे मला आधीच कळले, कारण ती विकत घेताना रंगाबद्दल माझ्याच पत्नीला विचारण्यात आले होते.

सभा गुरुवारी दुपारी चारला ठेवली होती. मी मुद्दाम ती वेळ घडवून आणली आणि सापळा लावला, अशी एक हकिकत अलीकडे ऐकू येते. तीही खोटी आहे. वेळ अध्यक्षाने ठरवली. मी तिला हरकत घेतली नाही. हरकत न घेणे हा माझा स्वभाव नाही हे खरे, पण म्हणून त्याला सापळा म्हणता येत नाही.

कामशेतहून जीपने मी पवनानगरला पोचलो तेव्हा संघटनेच्या खोलीत सतरंजीवर सगळे बसलेले होते. शाल पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती आणि तिचा निळा काठ बाहेर दिसत होता. अध्यक्षाची सून लॅपटॉप घेऊन भिंतीशी बसली होती. ती पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. कंपनीच्या अटी समजावून सांगण्यासाठी तिला रजा काढून यायला लावले होते. "आबा, इथे बसा," म्हणून तिने मला जागा केली. या मुलीविषयी माझी तक्रार नाही. तिच्याविषयी लोक जे सांगतात त्याविषयी आहे.

सभासदांची भाषणे झाली. आबांनी लय केले, पण आता वय झाले, असा सर्वांचा सूर होता. माझ्या वयाचे जे होते त्यांचाही. मी बोलायला उभा राहिलो. यंत्र कशाने गुदमरते ते मी समजावून सांगितले आणि विचारले, इथे रुमाल कोण कोण टाकतो. कोणीच टाकत नव्हते. टोकाची मावशी दाराशी बसली होती. ती पदराने तोंड पुसू लागली. मात्र बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर फोन उताणा ठेवलेला मला दिसत होता.

मी खाली बसलो आणि अध्यक्ष समारोपाला उभा राहिला.

"आमचा विंजनेर आमच्या गावचा मानूस हाय," तो म्हणाला. "त्याच्या बोलन्याचा राग न्हाई. पन त्याची पद्धत जुनी झाली. त्यो आपल्याच मानसांवर संशय घेतोय. मी म्हनतो, हितं बसल्यालं येक बी मानूस असलं काम करनार न्हाई. आपन येक कुटुंब हाय, आनि कुटुंबात..."

इथे तो थांबला. साडेचार झाले होते.

मी जन्मात पुष्कळ सभा पाहिल्या. त्या क्षणी दिसली तितकी नम्र सभा मी पाहिली नाही. सगळ्या माना एकदम खाली गेल्या. कोणी हलेना, कोणी बोलेना. फक्त अंगठे हलत होते. अध्यक्ष उभाच होता, कुटुंबाविषयीचे वाक्य अर्धवट सोडून, हनुवटी छातीला टेकवून. नेमक्या त्याच वेळी खालच्या हॉटेलातली बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिने ही शांतता पाहिली, ट्रे हळूच जमिनीवर ठेवला, आणि हात जोडून तीही मान खाली घालून उभी राहिली.

थोड्या वेळाने तिने शेजारच्या मावशीला अगदी हलक्या आवाजात विचारले, "कोन गेलं?"

मान वर होती ती फक्त माझी आणि सूनबाईची. ती सासऱ्याच्या जवळच बसली होती. ती उठून त्याच्या मागे गेली आणि खांद्यावरून फोनमध्ये पाहू लागली.

"बाबा, काय करताय?"

"कुटं काय. टाईम बगतोय."

"टाइम बघायला टोकाच्या मावशींचे तंबू कशाला उघडलेत?"

खोलीत सगळ्यांना ऐकू गेले. मावशी दाराशी उठून उभी राहिली. ती भांडेल असे मला वाटले.

"अवं भाऊ," ती म्हणाली, "माज्यावर तुमी टाकताय व्हय? आनि मी हितं बसून तुमच्यावर टाकतीया."

पहिले कोण हसले ते मला सांगता येणार नाही. मी नव्हे. पण सतरंजीच्या एका टोकाला सुरू झालेले हसू दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कोणी कोणाच्या तंबूवर रुमाल टाकला आहे याचे कबुलीजबाब सुरू झाले होते. आपला तंबू राखण्यापेक्षा शेजाऱ्याचा अडवणे अधिक लाभाचे असते, हे ज्ञान जवळपास प्रत्येकाला स्वतंत्रपणे झालेले होते. चहावालीला कोणीतरी सांगितले, की कोणी गेलेले नाही. "मग येवडं गप का बसलाता?" असे पुटपुटत तिने कप वाटले.

तोवर वेबसाइट अर्थातच पडली होती. बाहेर पुण्यातली खरी गिऱ्हाइके तंबू शोधत असतील आणि इथे सारे मालक हसत होते. सूनबाईने लॅपटॉप उघडला.

"आबा, आत्ताच बघून घेऊ. पासवर्ड द्या."

हसणे थांबले. सभा ज्यासाठी बोलावली होती ती गोष्ट तिने सहज, पाण्याचा तांब्या मागावा तशी मागितली होती. मी कपाटावरच्या शालीकडे पाहिले. मग लॅपटॉप माझ्या मांडीवर घेतला, पासवर्ड स्वतः टाइप केला आणि लॅपटॉप तिला परत दिला. मी पासवर्ड दिला असे जे सांगतात, त्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

"रुमालाला मुदत घाला," मी तिला म्हणालो. "पैशांच्या पानावर आला आणि भरले नाहीत, तर थोड्या वेळाने तंबू आपोआप मोकळा झाला पाहिजे. पान उघडं असो वा नसो."

"तेच करतेय, आबा."

म्हणजे कल्पना कोणाची, हा प्रश्न पुन्हा आलाच. सून म्हणते, तिला ते पाहताक्षणी सुचले होते. मी म्हणतो, मी आधी बोललो. न बोललेल्या कल्पनेला साक्षीदार नसतो, हे तत्त्व मी तिला ऐकवले, तेव्हा माझी पत्नी घरी होती हे बरे झाले. मात्र ते काम तिने केले, आणि चहा संपायच्या आत केले, हे मी कोणी विचारले तर सांगतो. तिने मला कोणते बटण दाखवले नाही. बटण असे काही नव्हतेच.

कंपनीचा विषय त्या दिवशी पुढे गेला नाही. मत घेतले गेले नाही. कंपनीची माणसे आली की त्यांनाही हे रुमाल दिसतील, ही जाणीव सगळ्यांना एकाच वेळी झाली असावी. अध्यक्ष एवढेच म्हणाला, "घरचं घरात ऱ्हाऊ द्या. विंजनेर बगतोय त्ये बगू दे." शाल पुढे कोणाला दिली, माहीत नाही. पत्नीच्या मते तो निळा मला शोभला असता.

असा मी जिंकलो. परंतु या विजयाचा एक परिणाम माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. रुमालांना मुदत लागल्यापासून प्रोग्राम गुदमरेनासा झाला. शुक्रवार आला, गेला. फोन वाजला नाही. ताट संपेपर्यंत भाकरी गरम राहू लागली. सूनबाईचा निरोप आला: "आबा, आता रोजच्या रीस्टार्टची गरज नाही, ती ओळ काढली तरी चालेल." ती म्हणते ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पत्नीने एका सकाळी मला स्वयंपाकघरातल्या चालत्या नळाखाली पाना घेऊन बसलेला पाहिले आणि लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला.

मी ओळ काढली नाही. सर्व्हरचे घड्याळ आपल्या वेळेवर आणले, आणि रोजच्या ऐवजी फक्त सोमवार लिहिला, सकाळी अकरा. यावेळी कोणालाही कळवले नाही. सोमवारी सकाळी काठावर एकही पाहुणा नसतो, चादरी वाळत असतात, आणि वेबसाइट क्षणभर मिटून उघडली तर कोणाला कळण्याचे कारण नाही.

पहिल्याच सोमवारी अकरा वाजून गेले आणि फोन वाजला.

"विंजनेर, येबसाईट बंद हुती."

"मी केली होती."

"का रं?"

"तपासणी."

"मग बरं," अध्यक्ष म्हणाला. "म्या म्हनलं, तू गेलास का काय."

तेव्हापासून दर सोमवारी तो फोन करतो. झालं का, असे विचारतो. झालं, असे मी सांगतो. मग शाळेतल्या त्या बाकाचा विषय निघतो आणि पुष्कळ वेळ चालतो. मला मुद्दाम फोन करावा लागत नाही आणि त्यालाही कारण शोधावे लागत नाही. सोमवारी सकाळी अकराला, काठावर चिटपाखरू नसताना, तो वेबसाइट उघडून नेमका कशाची वाट पाहत बसतो, हे मात्र मी त्याला अद्याप विचारलेले नाही. कशावरून, असे न विचारता सोडून दिलेली माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट असावी, आणि तिच्याबद्दल कोणी काही हकिकत पसरवलीच, तर तीही खोटी आहे असे मी आताच सांगून ठेवतो.